घडीच्या सायकलीस विजेची जोड

शेतमाल बाजारांत पोहोंचविण्याचा खर्च हा लागवडीच्या खर्चाइतकाच बारकाईनें मांडला पाहिजे. फुलें व भाजीपाला रोज न्यावा लागतो, म्हणून त्यांवरील पेट्रोलचा खर्चही रोजचाच. नांदेड जिल्ह्यांतील अर्धापूर तालुक्यांतील एका फूलशेतकऱ्यानें स्वतः तयार केलेल्या विजेच्या दुचाकीची हकीकत २०२१ सालीं वृत्तपत्रांतून आली होती. ७५० वॅटची मोटर, ४८ व्होल्टची बॅटरी व सुमारें ४० हजार रुपये खर्च, असा तिचा तपशील होता. इतकी मोठी खटपट ज्यांना नको, त्यांनी घडीच्या सायकलीचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कायद्याची मर्यादा. मोटरची शक्ति २५० वॅटच्या आंत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आंत व बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आंत असावें. त्यापुढील गाडी मोटार वाहन ठरते व तीस नोंदणी लागते.

चाकाच्या हबमध्यें बसणारी मोटर सोयीची. घडीच्या सायकलीचें चाक बहुधा २० इंची असतें. लहान चाकांत तीच मोटर अधिक जोरानें ओढते, मात्र वेग कमी पडतो. परंतु या सायकलीचा फोर्क पुष्कळदां अरुंद असल्यानें बाजारी मोटर तींत सहज बसत नाहीं. येथेंच कारागिराची गरज लागते. नांदेड व लातूर या दोन्ही शहरीं लेथचें काम करणारे कारागीर आहेत. मोटरच्या आंसाच्या दोन बाजू सपाट असतात. त्या मापाची खांच पाडलेली पोलादी पट्टी करवून ती फोर्कच्या दांडीस घट्ट आंवळावी. ही पट्टी नसेल तर मोटरच्या जोरानें आंस फिरतो, तारा तुटतात व चाक निखळून स्वार पडतो. ॲल्युमिनियमच्या फोर्कांत हा धोका अधिक. सांगाड्याच्या बिजागरीजवळ वेल्डिंग मुळींच करूं नये. घडी घालतांना तार ओढली जाऊं नये, म्हणून तेथें ती सैल ठेवावी.

बॅटरी घेतांना केवळ किलोमीटरच्या आश्वासनावर विसंबूं नये. व्होल्ट व अँपिअर-तास विचारून त्यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. सपाट रस्त्यावर पायडलची जोड दिल्यास किलोमीटरमागें १० ते १२ वॅट-तास लागतात. म्हणजे सुमारें ३० किलोमीटरची मजल होते, व चार्जिंगला वीज अर्ध्या युनिटच्या आसपास लागते. ओझें, चढ व चिखल यांनीं ही मजल घटते.

आमच्या मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हांतून आलेली बॅटरी निवल्यावांचून चार्जिंगला लावूं नये.

सारांश, आपली रोजची येरझार किती व ओझें किती, याचा हिशेब आधीं कागदावर मांडावा, आणि मगच मोटर व बॅटरी खरेदी करावी.