‘एक्झिक्युटिव्ह’ अभ्यासक्रम: पदवी कुठली, सर्टिफिकेट कुठले?

‘नोकरी सांभाळून आयआयएममधून एमबीए केले’ हे वाक्य हल्ली इतक्या सहज कानावर पडते की ते खरे की खोटे, हे कोणी तपासतही नाही. अनेकदा त्यामागे असतो तो काही महिन्यांचा, शनिवार-रविवारी लॅपटॉपसमोर बसून पुरा केलेला अभ्यासक्रम आणि शेवटी मिळालेले एक सर्टिफिकेट. ते घेणाऱ्याने कष्ट केलेले असतात, त्याला काही नवे शिकायलाही मिळालेले असते. पण ती एमबीएची पदवी नसते. नामवंत संस्था आणि ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द एकत्र आले की एमबीए झाले, हा नोकरदारांमधला सर्वांत महागडा गैरसमज आहे. लाखांतली फी, महिनोन्‌महिन्यांच्या सुट्ट्या आणि घरच्यांच्या वाट्याचा वेळ त्यात जातो, आणि चूक लक्षात येते ती एखाद्या अर्जातला पात्रतेचा रकाना भरताना.

पदवी कोणी द्यायची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ ने ठरवून दिले आहे. केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने कायद्याने खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच तो हक्क आहे. आयआयएमनाही तो सुरुवातीपासून नव्हता. कोलकाता आणि अहमदाबादच्या संस्था १९६१ मध्ये सुरू झाल्या, पण २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ रोजी लागू होईपर्यंत त्या पदव्युत्तर पदविकाच देत होत्या. आता त्यांना पदवी देता येते. म्हणून त्यांचा प्रत्येक अभ्यासक्रम पदवीचा होत नाही. याचा सर्वांत रोखठोक पुरावा करखात्याकडे सापडतो. १ जानेवारी २०१९ च्या जीएसटी परिपत्रकाने आयआयएमचे अभ्यासक्रम दोन गटांत विभागले. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळाच्या, पदवी वा पदविका देणाऱ्या अभ्यासक्रमांना जीएसटी माफ. अल्प मुदतीच्या, केवळ सहभागाचे प्रमाणपत्र देणाऱ्यांवर १८ टक्के. म्हणजे एकाच संस्थेच्या, एकाच नावाखालच्या दोन अभ्यासक्रमांमधला फरक सरकारने फीच्या पावतीपर्यंत आणून ठेवला आहे. तरीही तो जाहिरातीत दिसत नाही, कारण तिथे संस्थेचे बोधचिन्ह मोठ्या अक्षरांत आणि ‘सर्टिफिकेट’ हा शब्द बारीक अक्षरांत छापलेला असतो. ग्राहकाचा असा गोंधळ करून विकले जाणारे शिक्षण खपवून घेऊ नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो: खासगी कंपन्या पदवी कुठे पाहतात? त्यांना काम येते की नाही, एवढेच हवे असते. शिवाय हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा गाजलेला एक वर्षाचा अभ्यासक्रम तरी कुठे पदवी देतो? हा मुद्दा खरा आहे, पण तो सर्टिफिकेटच्या बाजूने जात नाही. आयआयएमच्या जुन्या पदविकेला किंवा आयएसबीच्या अभ्यासक्रमाला वजन आले ते कठीण निवडीमुळे, संस्थेत राहून पूर्णवेळ केलेल्या अभ्यासामुळे आणि तिथे भरतीसाठी येणाऱ्या कंपन्यांमुळे. काही महिन्यांच्या ऑनलाइन वर्गाला संस्थेचे नाव मिळते, पण ही सगळी प्रक्रिया मिळत नाही, आणि भरती करणाऱ्यांना हा फरक कळतो. शिवाय जिथे ‘पदव्युत्तर पदवी किंवा समकक्ष’ अशी अट लेखी असते, म्हणजे सरकारी भरती, अध्यापन किंवा संशोधनाचा प्रवेश, तिथे कौशल्याचा दाखला कामी येत नाही. सर्टिफिकेट जरूर घ्यावे, पण सर्टिफिकेट म्हणूनच आणि त्याच किमतीला.

याच गोंधळातून उलटा गैरसमजही जन्मतो: ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीएला किंमतच नाही. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त विद्यापीठाने दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी प्रत्यक्ष वर्गात मिळवलेल्या पदवीशी समकक्ष आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या एमबीएकडे नाक मुरडायचे आणि चकचकीत सर्टिफिकेटला एमबीए म्हणायचे, हे कोणत्या न्यायाने? मात्र विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे का, हे आयोगाच्या यादीत पाहायलाच हवे. ‘दहा दिवसांत एमबीए’सारख्या जाहिरातींविरुद्ध आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला, इतका हा बाजार सोकावला आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘एक्झिक्युटिव्ह म्हणजे नोकरी सांभाळूनच’: नाही, आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स हा वर्षभराचा पूर्णवेळ, निवासी अभ्यासक्रम आहे, तर बंगळुरूचा पीजीपीईएम नोकरी करता करता होतो. ‘फी आयकरातून वजा होते’: स्वतःच्या शिक्षणाची फी होत नाही, शैक्षणिक कर्जाचे फक्त व्याज वजा होते, तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. ‘कंपनी फी भरते म्हणजे फुकट’: बहुधा सोबत ठरावीक वर्षे नोकरीचा बाँड असतो, आणि एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. ‘आता वय झाले’: एक्झिक्युटिव्ह एमबीए हा प्रकारच मुळी अनुभवी व्यवस्थापकांसाठी शिकागो विद्यापीठात १९४३ मध्ये सुरू झाला.

तेव्हा पहिला हप्ता भरण्यापूर्वी तीन गोष्टी ईमेलवर विचाराव्यात. अभ्यासक्रम संपल्यावर मिळणाऱ्या कागदावर नेमके काय छापलेले असेल? तो कागद कोणती संस्था देईल? आणि तो देण्याचा अधिकार तिला कोणत्या कायद्याने वा मान्यतेने मिळाला आहे? विक्री प्रतिनिधीचे फोनवरचे आश्वासन म्हणजे उत्तर नव्हे. या तिन्हींचे लेखी उत्तर देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिला पैसे देऊ नयेत.