तातुआनाची नाव आणि तिचे वाचक

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात तातुआना नावाच्या स्त्रीची एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. स्पॅनिश अमलाच्या काळात चेटकीण ठरवून तिला कैदेत टाकण्यात आले व देहदंड फर्मावण्यात आला. तेव्हा तिने कोळशाने कोठडीच्या भिंतीवर एक नाव रेखाटली आणि तीत बसून ती निघून गेली. पहारेकऱ्यांना कोठडी रिकामी आढळली.

या कथेला जागतिक वाङ्मयात स्थान मिळाले ते मिगेल आंखेल आस्तूरियास (१८९९-१९७४) यांच्यामुळे. पॅरिसमध्ये त्यांनी प्राचीन माया संस्कृतीचा अभ्यास केला आणि 'पोपोल वुह' या माया लोकांच्या पुराणग्रंथाच्या स्पॅनिश भाषांतरात भाग घेतला. 'ग्वाटेमालाच्या आख्यायिका' हा त्यांचा संग्रह १९३० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाला. त्यातील तातुआना ही गुलाम स्त्री आहे. बदामवृक्ष नावाचा गुरू आपला आत्मा चार वाटांना वाटून देतो. काळी वाट थोड्याशा विश्रांतीच्या मोबदल्यात आपला अंश रत्नांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकते आणि व्यापारी तो देऊन बाजारातून एक गुलाम स्त्री घेतो. पुढे गुरू व ती स्त्री दोघेही कैदेत पडतात. तेव्हा गुरू आपल्या नखाने तिच्या दंडावर नाव गोंदतो. त्या नावेतून ती मुक्त होते.

या संग्रहाचा एक आरंभीचा वाचक म्हणजे फ्रेंच कवी पॉल व्हालेरी. फ्रेंच अनुवादक फ्रान्सिस द मिओमांद्र यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या रचनांचे वर्णन एकाच वेळी कथा, स्वप्ने आणि कविता असे केले. हे पत्र पुढे ग्रंथाला प्रस्तावना म्हणून जोडण्यात आले. अनोळखी भूमीच्या अद्भुततेने भारावलेल्या रसिकाचा हा प्रतिसाद मनःपूर्वक आहे; पण तो दुरून आलेला आहे. स्वप्न म्हणून वाचताना नाव डोळ्यांत भरते, कोठडी मात्र धूसर होते.

ग्वाटेमालाच्या वाचकाला कोठडी विसरणे सोपे नाही. चेटकाचा आरोप, धर्माधिकाऱ्यांचा न्याय आणि माणसांची खरेदी-विक्री या गोष्टी त्याच्या इतिहासात प्रत्यक्ष घडल्या आहेत. खुद्द आस्तूरियास यांनाही १९५४ मधील सत्तांतरानंतर नागरिकत्व गमवावे लागले व परदेशी राहावे लागले. १९६७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे जाणणारा वाचक तातुआनाच्या सुटकेकडे केवळ चमत्कार म्हणून पाहत नाही. सर्व काही हिरावून घेतलेल्या माणसापाशी उरलेली एकमेव शक्ती त्याला तीत दिसते.

आस्तूरियास यांच्या कथेच्या शेवटाकडे असा वाचक अधिक लक्ष देतो. तातुआना निघून जाते. गुरू मात्र मागेच राहतो. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यांना कोठडीत एक वाळलेले झाड सापडते. त्याच्या फांद्यांवर बदामाची दोन-तीन फुले तेवढी असतात. एकीच्या मुक्तीचे मोल कोणी दिले, हे त्या झाडावरून कळते.