सातबारा उघडा असावा, माणूस नव्हे

मावळ तालुक्यातल्या नवलाख उंबरे गावच्या कुठल्याही जमिनीचा सातबारा आज गडचिरोलीत बसून पाहता येतो. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट क्रमांक टाकायचा, आपला मोबाइल नंबर द्यायचा, की उतारा समोर. पंधरा रुपये भरले तर डिजिटल सहीचा. खातेदारांची वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट पूर्ण नावं त्यात असतात. कुणाच्या नावावर किती क्षेत्र, भोगवटादार वर्ग एक की दोन, इतर हक्कांत सोसायटीचा किंवा बँकेचा किती बोजा, आणि गाव नमुना बारामध्ये कोणत्या हंगामात काय पेरलं, हेही असतं. वारसनोंदीचा फेरफार काढला तर घरातलं कोण वारलं, मागे कोण कोण राहिलं, तेही कळतं.

इंद्रायणीच्या पलीकडे आंबी, नवलाख उंबरे, बधलवाडी या पट्ट्यात तळेगावची एमआयडीसी पसरली आणि इथल्या भातखाचरांचा भाव बदलला. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये थांबला, पुढे ह्युंदाईने तो घेतला. कारखाने येतात-जातात, जमिनीची मागणी काही उतरत नाही. अशा गावात ज्याच्या उताऱ्यावर मोठा बोजा आणि खाली पाच-सहा वारसांची नावं, तो माणूस नडीला आलेला असू शकतो, हे जमिनीच्या दलालाला कुणी सांगावं लागत नाही. त्याला फक्त एक गोष्ट कमी पडते, त्या माणसाचा फोन नंबर.

खासगीपणाबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा परदेशी कंपन्या, कुकीज आणि जाहिरातीच असतात. त्या आहेतच. पण मावळातल्या शेतकऱ्याची, कंत्राटी कामगाराची, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीची माहिती फुटते ती गावाजवळच, आणि ती कशी फुटते ते समजून घेतलं तर ती राखताही येते.

मग सातबारा झाकून ठेवायचा का? मुळीच नाही. दप्तर तलाठ्याच्या कपाटात बंद होतं तेव्हा एका उताऱ्यासाठी माणसं हेलपाटे घालत, आणि परस्पर नोंदी बदलल्याचं वर्षानुवर्षं कळत नसे. याच तालुक्यात तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकारात जमिनीची कागदपत्रं मिळवून मावळातल्या व्यवहारांमधले गैरप्रकार बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांची तळेगावात हत्या झाली. उघड्या कागदाची किंमत मावळाला अशी माहीत आहे. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: व्यवहार उघडा हवा, सत्ता उघडी हवी, झाकायचं ते माणसाचं रोजचं जगणं. आणि ते झाकायचं म्हणजे माहितीचे तुकडे एकमेकांना जोडू द्यायचे नाहीत.

जोडणीतून काय होतं याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी दिल्या. नावं काढून टाकली होती, म्हणून कुणाला काही कळणार नाही असा सरकारचा समज होता. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ताडून पाहिले, आणि खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या आजारपणाच्या नोंदी शोधून काढल्या. या तीन गोष्टींवरून बहुसंख्य अमेरिकनांना ओळखता येतं, असं तिनं पुढे दाखवून दिलं. काही हजार वस्तीच्या गावात तर तीन गोष्टीही लागत नाहीत. मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक आणि नातेवाइकाचं नाव आहेच. सातबाऱ्यात जमीन आहे. राहिला मोबाइल नंबर, आणि तो आपण रोज वाटत फिरतो. कारखान्याच्या गेटवरची वही, सोसायटीच्या दारातलं ॲप, कापडाच्या दुकानातलं बिल, औषधाचं दुकान, लकी ड्रॉचं कूपन, सगळीकडे एकच नंबर.

हाच नंबर बँकेला, आधारला आणि व्हॉट्सॲपलाही जोडलेला असतो. म्हणून पहिलं काम हे की बँक आणि आधारसाठी एक नंबर ठेवावा आणि तो घराबाहेर कुणालाही देऊ नये. दुकान, कुरिअर, फॉर्म, गेट यांच्यासाठी दुसरा. बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असतेच. बिलासाठी नंबर मागितला तर ‘नको, कागदी बिल द्या’ म्हणावं. सुरुवातीला संकोच वाटतो, पण बिल मिळतं. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हे संचार साथीच्या संकेतस्थळावर पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार नोंदवता येते.

आपण दुसऱ्यांची माहितीही वाटतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. फेसबुकची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेल्याचं २०१८ मध्ये उघड झालं, तेव्हा फेसबुकने भारताचा आकडा दिला होता. ते प्रश्नमंजूषेचं ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं, आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची. बाकीचे सगळे ते ॲप घेतलेल्या कुणा ना कुणाचे मित्र. फोनवरचं एखादं कर्जाचं ॲप, टॉर्चचं ॲप, आलेला फोन कुणाचा ते सांगणारं ॲप ‘संपर्क यादी पाहू का?’ असं विचारतं आणि आपण हो म्हणतो, तेव्हा मामाचा, शाळेतल्या बाईंचा, शेजारच्या मुलीचा नंबर त्यांना न विचारता देऊन टाकतो. कर्ज देणाऱ्या भामट्या ॲपनी याच यादीतल्या नातेवाइकांना फोन करून लोकांची अब्रू घेतली आहे. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी असते. तिथे संपर्क, लोकेशन, मायक्रोफोन या तीन ठिकाणी कोणकोणती ॲप बसली आहेत ते आजच पाहा. नकाशाला लोकेशन लागतं, तेही वापरताना. टॉर्चला काहीच लागत नाही.

आता झेरॉक्सच्या दुकानाकडे येऊ, कारण खरी गळती तिथे आहे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुटले तेव्हा सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत किती गर्दी होती ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, हमीपत्र. बायका फोनमधले फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवत आणि तो प्रिंट काढून देई. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असतं, आणि आलेली प्रत्येक फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये साठत जाते. दुकानदार सज्जन असतो, तरी त्या संगणकावर दिवसभरात किती हात फिरतात याचा हिशोब त्याच्याकडेही नसतो. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याच्याकडे रेशनकार्डाची प्रत आहे त्याला तो जुळवायला वेळ लागत नाही.

उपाय साधे आहेत. प्रिंट झाल्यावर दुकानदाराला समोरच फाइल काढून टाकायला सांगावं, आणि आपल्याकडून ‘सर्वांसाठी डिलीट’ करावं. नीट सांगितलं तर कुणी रागवत नाही. दुसरा उपाय मास्क्ड आधारचा. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून कार्ड डाउनलोड करताना हा पर्याय येतो; त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. लॉज, भाड्याची खोली, जिम, अशा ठिकाणी हेच द्यावं. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा, असं जाहीर केलं होतं. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं, कारण काय तर लोकांचा गैरसमज होईल. माझ्या मते सल्ला बरोबर होता आणि मागे घेणं चूक. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहावं: ‘फक्त खोली भाडेकरारासाठी’, तारीख आणि सही. अक्षरं आकड्यांवरून जाऊ द्यावीत.

अंगठ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी येत नाही. तेलंगणात २०१८ मध्ये जमीन नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून रबरी बोटं तयार केल्याचं आणि त्यावर सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण पोलिसांनी उघड केलं. खरेदीखतावर आपल्याकडेही फोटो आणि अंगठा असतो, आणि मावळात खरेदीखतं काही थोडी होत नाहीत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. रेशनच्या दुकानात अंगठा लावायच्या वेळी ते थोड्या वेळापुरतं उघडता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे काम नातवंडांनी करून द्यावं. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

काही माहिती मात्र आपण कितीही जपलं तरी जाणारच. उर्सेच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो आणि द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे गाडीचा नंबर टिपतात. त्याने अपघात कमी होत असतील तर कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण ती नोंद किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, हे नागरिकाला समजलंच पाहिजे. इथे एकट्याची हुशारी संपते आणि कायदा लागतो.

त्या कायद्याची मुळं आपल्याच शेजारात आहेत, असं म्हटलं तरी चालेल. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, नागरिकाला अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल ज्या बहुमताने दिला त्यात न्या. य. वि. चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्या निकालपत्रात वडिलांचा तो निकाल चुकीचा म्हणून रद्द करणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव. मावळाला लागून असलेल्या खेड तालुक्यातलं कन्हेरसर हे या घराण्याचं मूळ गाव. माहितीच्या जगाविषयीचा हा निकाल अटकेच्या निकालाशी जोडलेला आहे, कारण दोन्हींत प्रश्न एकच होता: माणसाच्या आयुष्यात सत्तेने किती आत यायचं?

या निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बऱ्याच तरतुदी अंमलात यायला त्यानंतर अठरा महिने दिले आहेत. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या. माहिती कशासाठी हवी ते सांगणारी सूचना आपल्याला मराठीत मागता येईल, आणि दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. माहिती नीट न जपणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण याच कायद्याने सरकारला मोठी सूट दिली, आणि माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातली वैयक्तिक माहितीची तरतूद अशी बदलली की व्यापक जनहितासाठी माहिती देण्याचा त्या तरतुदीतला उल्लेखच गळला. खासगीपणाचं नाव घेऊन अधिकाऱ्याने फाइल झाकावी, हे मला मान्य नाही. ज्या तालुक्यात शेट्टींसारखा माणूस होऊन गेला, तिथे तर कुणालाच मान्य होऊ नये.

गावपातळीवर एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. आधार कायद्याच्या २९व्या कलमानुसार कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे लावता येत नाही. तरीही लाभार्थ्यांच्या याद्या आधार आणि खाते क्रमांकांसह व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. यादी लागलीच पाहिजे, घर कुणाला मिळालं हे गावाला कळलंच पाहिजे. पण त्यासाठी नाव आणि योजना पुरे. नवलाख उंबरे असो की तुमचं गाव, येत्या ग्रामसभेत उठून एवढा एक ठराव मांडा: याद्या लावा, त्यावरचे आधार, खाते आणि मोबाइल क्रमांक काढा.