डायल-अप जोडणीतील बिघाडांचे निदान

डायल-अप जोडणी म्हणजे साध्या दूरध्वनी वाहिनीवरून मोडेमच्या साहाय्याने संगणक आंतरजालाशी जोडण्याची पद्धत होय. विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली, तेव्हा घरगुती ग्राहक याच पद्धतीने जोडले जात. ही जोडणी ठरावीक टप्प्यांनी पूर्ण होते. ती कोणत्या टप्प्यावर थांबली हे ओळखल्यास बिघाडाची जागा सापडते. पलीकडच्या मोडेमने फोन उचलला की कॉलचे शुल्क लागू होत असल्याने, पुन्हापुन्हा फोन लावण्यापेक्षा क्रमवार तपासणी किफायतशीर ठरते.

संगणक आणि मोडेम

टर्मिनल प्रणालीतून 'एटी' ही आज्ञा दिल्यावर मोडेमने 'ओके' असे उत्तर द्यावयास हवे. उत्तर न आल्यास तार, चालक प्रणाली (ड्रायव्हर) किंवा पोर्टची निवड तपासावी. जुन्या संगणकांत कॉम १ व कॉम ३ हे पोर्ट बहुधा एकच व्यत्यय क्रमांक वापरतात. त्यामुळे एकावर माउस आणि दुसऱ्यावर मोडेम असल्यास दोन्हींच्या कामात अडथळा येतो.

दूरध्वनी वाहिनी

विंडोजमध्ये ६८० हा त्रुटी क्रमांक डायल टोन न मिळाल्याचे दर्शवितो. अशा वेळी त्याच तारेला साधा फोन जोडून टोन ऐकावा. कार्यालयातील अंतर्गत केंद्राचा टोन वेगळा असल्याने मोडेम तो ओळखत नाही. तेथे 'एटीएक्स३' या आज्ञेने टोनची प्रतीक्षा टाळता येते. बाहेरच्या वाहिनीसाठीच्या अंकानंतर स्वल्पविराम दिल्यास मोडेम काही क्षण थांबतो. ६७६ म्हणजे वाहिनी व्यग्र आहे, तर ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही.

मोडेममधील संवाद

फोन उचलला गेल्यावर ऐकू येणाऱ्या कर्कश आवाजांतून दोन्ही मोडेम वेग ठरवितात. १९९८ मधील व्ही.९० मानकानुसार माहिती उतरविण्याचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट, तर पाठविण्याचा ३३.६ किलोबिट आहे. वाहिनीत खरखर असल्यास प्रत्यक्ष वेग बराच कमी होतो. समांतर फोन उचलणे किंवा कॉल वेटिंगचा संकेत येणे यांमुळे जोडणी तुटू शकते.

ओळख पडताळणी आणि पत्ता

६९१ ही त्रुटी वापरकर्ता नाव किंवा परवलीचा शब्द नाकारल्याचे सांगते. येथपर्यंत पोहोचल्यास मोडेम व वाहिनी चालू आहेत असे समजावे. ७२० ही त्रुटी आल्यास टीसीपी/आयपी हा प्रोटोकॉल स्थापित आहे का, ते पाहावे.

जोडणीनंतरच्या अडचणी

जोडणी होऊनही संकेतस्थळ न उघडल्यास 'पिंग' आज्ञेने प्रथम आयपी पत्ता आणि नंतर नाव तपासावे. पत्त्याला उत्तर आले पण नावाला आले नाही, तर दोष बहुधा डीएनएसच्या नोंदीत असतो. मदरबोर्डवरील बॅटरी संपल्याने तारीख चुकली असल्यास सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. जुन्या ब्राउझरना आजच्या सांकेतिकरण पद्धती अवगत नसल्यामुळे, जोडणी निर्दोष असतानाही अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत. हा दोष मोडेमचा नव्हे.