वादळ येण्याआधीचा खर्च

3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. हवामान खात्याचा इशारा वेळेत आला होता, कोळीवाड्यांतली आणि खाडीकाठची माणसे हलवली गेली होती, त्यामुळे जीवितहानी मर्यादित राहिली. हे यश मोठे आहे. पण श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीत घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात आणि संपर्काबाहेर राहिली. नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत झोपल्या. माणसे वाचवायला प्रशासन शिकले आहे. त्यांचे घर, वीज आणि उत्पन्न वाचवण्याची तयारी अजून तोकडी आहे. यापुढे सरकारी सज्जता मोजायची ती याच मापाने.

हे तातडीने करायला हवे, कारण अरबी समुद्र बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या अभ्यासानुसार 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात या समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे 52 टक्क्यांनी वाढली. तापलेले पाणी वादळाला जास्त बाष्प आणि ऊर्जा पुरवते, त्यामुळे वादळ झपाट्याने तीव्र होते आणि तयारीला मिळणारा अवधी आटतो. मे 2021 मधले 'तौक्ते' गुजरातेत किनाऱ्यावर चढले, पण जाता जाता त्याने कोकणालाही झोडपले. मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-305' हा तराफा बुडाला तो याच वादळात.

ओडिशाचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण स्थापले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी पथके तयार केली आणि दरवर्षी सराव घेतला. 2019 च्या 'फनी'च्या वेळी दहा लाखांहून अधिक माणसे हलवता आली ती या वीस वर्षांच्या मेहनतीमुळे. मात्र त्याच 'फनी'ने पुरी-भुवनेश्वरची वीजव्यवस्था कोलमडवून टाकली. स्थलांतर उत्तम झाले तरी काम अर्धेच होते, हे ओडिशानेही अनुभवले.

कोकणात अशी वादळे विरळा येतात, मग एवढा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण भूमिगत वीजवाहिनी दर पावसाळ्यात उपयोगी पडते, आणि निवारा एरवी शाळा किंवा समाजमंदिर म्हणून वापरता येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोकणचा डोंगराळ किनारा ओडिशाच्या सपाट किनाऱ्यासारखा नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच तिथला आराखडा इथे जसाच्या तसा उचलून चालणार नाही. खाड्यांच्या मुखाशी भरतीचे पाणी, डोंगरउतारावर दरड आणि सगळीकडे वारा, असा इथला धोका आहे. त्यामुळे छप्परांची बांधणी, खारबंधाऱ्यांची डागडुजी आणि वाहिन्या जमिनीखाली नेणे यांना इथे अग्रक्रम हवा. पैसा नाही, हा तिसरा आक्षेप. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा महाराष्ट्रासह सहा राज्यांसाठीचा दुसरा टप्पा 2015 मध्येच मंजूर झाला होता. 'निसर्ग' त्यानंतर पाच वर्षांनी आले. अडचण केवळ पैशाची असती, तर ही पाच वर्षे पुरेशी होती.

पैशाची विभागणी मात्र तपासायला हवी. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला 20 टक्के वाटा धोका कमी करण्यासाठी राखला आणि 10 टक्के सज्जतेसाठी. उरलेला 70 टक्के मदत आणि पुनर्बांधणीसाठी, म्हणजे नुकसान झाल्यानंतरचा. आधीच्या कामासाठी वेगळा वाटा ठरला हे पुढचे पाऊल आहे, पण ते अपुरे आहे. भरपाईलाही मर्यादा असते. 'निसर्ग'नंतर हेक्टरी निकष गुंठ्यांतल्या वाड्यांना लागू पडेना, कारण एका वाडीत नारळ, सुपारी, जायफळ एकत्र असतात; आणि नवे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे जातात. ती वर्षे कोणतीही मदत परत देऊ शकत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्याने किती वाहिन्या जमिनीखाली गेल्या, किती निवारे वापरायोग्य आहेत आणि किती कच्ची छपरे पक्की झाली, याचा हिशेब दर मे महिन्यात, पावसाळ्याआधी ग्रामसभेपुढे ठेवावा. मदतीच्या धनादेशांचा आकडा सज्जतेचा पुरावा म्हणून मान्य करणे आपण थांबवले, तरच ही कामे वेळेवर होतील.