हरितद्रव्याचे अनुस्फुरण: पानाचे आरोग्य कसे मोजतात?

उष्णतेच्या लाटेनंतरही पीक हिरवेगार दिसू शकते. पण पानातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा शाबूत आहे का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पान पिवळे पडेपर्यंत थांबलात, तर उपायाची वेळ अनेकदा निघून गेलेली असते. अशा वेळी अनुस्फुरण, म्हणजेच फ्लुओरेसन्स, मोजणे उपयोगी पडते.

तत्त्व

हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेला तीन वाटा असतात: प्रकाशसंश्लेषण, उष्णता आणि अनुस्फुरण. अनुस्फुरणाचा वाटा काही टक्क्यांपुरताच असतो. हा तांबडा प्रकाश सुमारे ६८५ आणि ७४० नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक तीव्र असतो. एकूण ऊर्जा तीच असल्याने एक वाट अडली की उरलेल्या वाटांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून या क्षीण प्रकाशावरून आतली स्थिती ओळखता येते. अंधारातून उजेडात आणलेल्या पानाचे अनुस्फुरण आधी झपाट्याने वाढते व मग उतरते, हे काउट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवले.

मापन

१. पानाला क्लिप लावून २० ते ३० मिनिटे अंधारात ठेवा. प्रकाशप्रणाली-२ ची अभिक्रिया केंद्रे खुली होतात.
२. अतिशय मंद प्रकाशात किमान अनुस्फुरण मोजा.
३. सुमारे एक सेकंदाचा प्रखर झोत टाका. सर्व केंद्रे क्षणभर बंद होतात. तेव्हाचे वाचन म्हणजे कमाल अनुस्फुरण.

कमाल कार्यक्षमता = (कमाल − किमान) ÷ कमाल

समजा, किमान ३०० व कमाल १५०० आले. उत्तर ०.८०. उष्णतेनंतर तेच ४२० व १०५० झाले, तर उत्तर ०.६०. बहुतेक निरोगी पानांत हे मूल्य ०.८३ च्या आसपास असते. गुणोत्तर असल्यामुळे उपकरणाच्या एककांचा प्रश्न राहत नाही.

सावधगिरी

अंधाराची वेळ कमी केलीत, तर निरोगी पानही आजारी दिसेल. उलट चूकही होते. पाण्याचा ताण पडला की पर्णरंध्रे आधी मिटतात. वाढ मंदावते, पण हे मूल्य बराच काळ जवळपास तसेच राहते. म्हणून ०.८२ वाचून ‘पाणी पुरेसे आहे’ असे ठरवू नका. उजेडातील मापन आणि पर्णरंध्रांची वाहकता यांची जोड द्या.

विचार करा: वरील उदाहरणात किमान वाचन वाढले आणि कमाल घटले. दोन्हींचा अर्थ वेगवेगळा काय असेल?