कोणत्या राजाचे, कोणत्या गावचे?

आडनावाच्या शेवटी ‘कर’ असले की मराठी माणसाचे गाव त्याच्याबरोबर चालते. पिढ्यान् पिढ्या मुंबईत काढलेल्या चिपळूणकरांना आपले चिपळूण शोधावे लागत नाही. जर्मन माणसाचे सहसा तसे नसते. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर. ही आडनावे गावोगाव होती. असा एखादा म्युलर अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि दोन पिढ्यांत घरातल्यांच्या तोंडचे गावाचे नाव गेले, की मागे उरतो तो ‘जर्मनीहून आलेला गिरणीवाला’, एवढाच.

अशा माणसांची संख्या लहान नाही. 1820 ते 1914 या काळात पन्नास लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत गेले. 1882 या एकाच वर्षी तिथे उतरलेल्यांचा आकडा अडीच लाखांच्या घरात जातो. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत सुमारे साडेचार कोटी लोकांनी आपल्या मुळांमध्ये जर्मन मूळ नोंदवले. त्यांतले असंख्य लोक आज पूर्वजांचे गाव शोधत आहेत. हा शोध कसा घेतला जातो, कुठे अडतो आणि कशामुळे सुटतो, हे पाहताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो. हातातला कागद कोणी लिहिला, आणि कशासाठी?

पहिली अडचण ‘जर्मनी’ या शब्दातच आहे. जर्मन साम्राज्य स्थापन झाले ते 1871 मध्ये. त्याआधी गेलेला माणूस बाडेनचा, व्युर्टेम्बर्गचा, हेसेनचा किंवा प्रशियाचा प्रजाजन होता. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्याला जुन्या राजाशी असलेली निष्ठा सोडल्याची शपथ घ्यावी लागे. साहजिकच कारकून विचारी, तुझा राजा कोण? ‘बाडेनचा ग्रँड ड्यूक’ किंवा ‘प्रशियाचा राजा’ एवढे लिहून त्याचे काम भागत असे. 1906 च्या कायद्यानंतर अर्जात जन्मगाव विचारले जाऊ लागले. पण तोवर मोठी लाट येऊन गेली होती. 1850 पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि जन्मस्थान येते, तेही बहुधा देश किंवा राज्य एवढेच. गाव विचारण्याचे सरकारला कारणच नव्हते.

राजाचे नाव मिळाले म्हणजे दिशा मिळाली, असेही नाही. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेचा फाल्ट्स हा प्रदेश 1816 पासून बव्हेरियाच्या राजाकडे होता. तिथून गेलेल्या माणसाच्या कागदावर ‘बव्हेरिया’ येते आणि त्याचा पणतू म्युनिकच्या आसपासची गावे धुंडाळत बसतो. प्रशियाचे तर एक टोक ऱ्हाइनकाठी कोलोनला आणि दुसरे थेट रशियाच्या सीमेला भिडलेले होते.

याच फाल्ट्समध्ये कालश्टाट नावाचे द्राक्षमळ्यांचे छोटे गाव आहे. फ्रीडरिश ट्रम्प हा सोळा वर्षांचा मुलगा 1885 मध्ये तिथून निघाला आणि न्यूयॉर्कला बहिणीकडे राहिला. बहीण आधीच गेली होती, मेहुणाही कालश्टाटचाच. पुढे त्याने पैसा कमावला, 1902 मध्ये गावी येऊन शेजारच्या घरातल्या मुलीशी लग्न केले, आणि पत्नीला अमेरिका मानवेना म्हणून 1904 मध्ये कायमचे परतण्याचा प्रयत्नही केला. लष्करी सेवा न करताच देश सोडला, या कारणावरून बव्हेरियाने त्याला 1905 मध्ये बाहेर काढले. त्याचा मुलगा फ्रेड पुढे घराण्याचे मूळ स्वीडनचे सांगत असे, आणि नातू डोनाल्ड ट्रम्प यांच्या 1987 च्या पुस्तकातही आजोबा स्वीडनहून आल्याचेच छापले गेले. चर्चच्या आणि सरकारच्या नोंदी मात्र कालश्टाटच दाखवतात. एवढ्या गाजलेल्या घराण्यात एका पिढीत गाव बदलू शकते, तर सामान्य घरातल्या कथांवर किती विसंबायचे?

गाव लपवण्यामागे भीतीही होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन असणे संशयास्पद ठरले. आयोवा राज्याच्या गव्हर्नरने 1918 मध्ये सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर आणि चर्चमध्येसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरण्यास बंदी घातली. शेजारच्या कॅनडात बर्लिन नावाच्या शहराचे 1916 मध्ये किचनर झाले. श्मिटचे स्मिथ आणि म्युलरचे मिलर झाले ते अशा काळात, किंवा त्याआधी शाळेत, कारखान्यात, दुकानाच्या पाटीवर. एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावे बदलली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. पण ते अधिकारी जहाज निघतानाच तयार झालेल्या यादीवरून काम करीत. शिवाय एलिस बेटावरचे ठाणे 1892 मध्ये सुरू झाले. मोठ्या लाटा त्याआधीच येऊन गेल्या होत्या.

मग गावाचे नाव लिहिले कोणी? ज्याला ते माहीत असणे गरजेचे होते, त्याने. अमेरिकेतल्या जर्मन वस्त्यांत जर्मन भाषेत चालणारी चर्चे होती. तिथल्या पाद्र्याच्या मंडळीत चार-पाच योहान श्मिट असत, आणि कोण कुठला हे लिहिल्याखेरीज त्यांच्यात फरक करता येत नसे. म्हणून लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदीत गाव येते. जर्मन वृत्तपत्रांतल्या मृत्युलेखांत येते, कारण वाचणाऱ्यांत गाववाले असत. थडग्यावरच्या दगडावर येते, कारण मरणाऱ्याची किंवा त्याच्या माणसांची तशी इच्छा असे. सरकारने राजा विचारला. गाव विचारले ते आपल्या माणसांनी.

निघण्याच्या बंदरावरचे कागदही मदतीला येतात, पण ते नशिबावर अवलंबून आहे. हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या 1850 ते 1934 या काळाच्या टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवाशाचे राहते ठिकाण असते. ब्रेमेनहून जाणाऱ्यांची संख्याही अफाट होती. पण तिथल्या जुन्या याद्या जागा पुरत नाही म्हणून वेळोवेळी नष्ट केल्या गेल्या, उरलेल्यांतल्या कित्येक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज हाती आहेत त्या मुख्यतः 1920 ते 1939 मधल्या.

स्वतःच्या पूर्वजाचे कागद संपले, की अनुभवी शोधक त्याच्या शेजाऱ्यांकडे वळतो. स्थलांतर सहसा एकट्यादुकट्याचे नव्हते. एक जण जाई, पत्र पाठवी, मग भाऊ, मेहुणा, गावातले दुसरे कुटुंब निघे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे धर्मपिता आणि धर्ममाता कोण, जहाजाच्या यादीत मागेपुढे कोणाची नावे, शेजारची जमीन कोणाची, लग्नाला साक्षीदार कोण, ही नावे जमवायची. त्यांतल्या एकाचे जरी गाव मिळाले, तरी तिथे आपलाही माणूस सापडण्याची शक्यता मोठी असते. कालश्टाटचेच पाहा. केचपमुळे प्रसिद्ध झालेल्या हेन्री हाइन्झ यांचे वडीलही याच गावचे.

गावाचे नाव हाती आले तरी ते ऐकून लिहिलेले असते. नैऋत्य जर्मनीच्या बोलींत ‘ब’ आणि ‘प’, ‘ड’ आणि ‘ट’ एकमेकांत मिसळतात, आणि इंग्रजी कारकून कानाला वाटेल तसे लिहितो. शिवाय नॉयश्टाट, म्हणजे ‘नवे शहर’, या नावाची ठिकाणे देशात ठिकठिकाणी आहेत. इथे मायर्स नावाचा ग्रामकोश कामी येतो. 1912 च्या सुमारास निघालेल्या या कोशात तेव्हाच्या जर्मन साम्राज्यातील दोन लाखांहून अधिक ठिकाणे आहेत. गाव कोणत्या जिल्ह्यात, त्याचे नोंदणी कार्यालय कुठले, गावात चर्च आहे का आणि ते कोणत्या पंथाचे, हे त्यातून कळते. वाडीत चर्च नसेल तर नोंद शेजारच्या गावी असणार, हे समजणे फार महत्त्वाचे.

संपूर्ण साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती 1 जानेवारी 1876 रोजी. प्रशियात ती 1874 मध्येच आली होती आणि ऱ्हाइनच्या पश्चिमेला फ्रेंच अमलात 1798 पासून. त्यामागे जायचे तर चर्चची दप्तरेच पाहावी लागतात. लिपी कुरेंट. आजच्या जर्मन माणसालाही ती सहज वाचता येत नाही. आपल्या मोडीसारखीच तिची गत झाली आहे. तिच्यातला ‘e’ थेट ‘n’ सारखा दिसतो आणि ‘u’ ओळखायचा तो डोक्यावरच्या कमानीवरून. जर्मनचे रीतसर शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्यालाही सवयीने ती हळूहळू लागते, कारण नोंदींचा साचा ठरलेला असतो: तारीख, मूल, बाप, बापाचा धंदा, आई, धर्मपिता, धर्ममाता.

फसगत होते ती नावांत. एका घरातले सगळे मुलगे योहान असू शकतात: योहान गेओर्ग, योहान आडाम, योहान पेटर. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. कॅथलिक दप्तरात तेच लॅटिनमध्ये जाते. मूल वारले तर पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव ठेवीत, म्हणून बाप्तिस्म्याची नोंद सापडली तरी दफनाचे दप्तर पाहिल्याशिवाय हाच आपला माणूस असे म्हणता येत नाही. वेस्टफालियात तर घरजावई म्हणून शेतावर आलेला पुरुष त्या शेताचे आडनाव घेई. अशा वेळी नुसते आडनाव धरून मागे गेले की भलतेच घराणे हाती लागते. जन्मतारीख, आईबापांची नावे आणि अमेरिकेतले कागद जुळावेत, आणि त्या माणसाचे पुढे गावात लग्न किंवा मरण नोंदलेले नसावे, तेव्हाच शोध पुरा होतो. कधी पाद्र्यानेच समासात ‘अमेरिकेला गेला’ असे लिहून ठेवलेले असते.

या दप्तरांचा एक काळा अध्यायही आहे. 7 एप्रिल 1933 च्या कायद्यानंतर सरकारी नोकरांना आपण ‘आर्य’ असल्याचे सिद्ध करणे भाग पडले. लोक आजी-आजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले मिळवण्यासाठी चर्चच्या दारात उभे राहिले. ज्यांच्या आजी-आजोबांत कोणी ज्यू निघाले, त्यांची नोकरी गेली, आणि पुढे कित्येकांचे प्राणही. गावागावांतील कुटुंबांची सूची करणारे ग्रंथ त्या राजवटीने हौसेने हाती घेतले. असे ग्रंथ आजही निघतात, शोधकाला वरदान ठरतात; पण ज्या ओळीमुळे एका पणतूला आपले गाव सापडते, तशाच ओळीने दुसऱ्याला त्याच्या गावातून उठवले होते, हे विसरता येत नाही. आजच्या जर्मन कायद्याने जन्मनोंद 110 वर्षे, विवाहनोंद 80 वर्षे आणि मृत्यूनोंद 30 वर्षे सर्वांसाठी खुली होत नाही. त्या बंधनाने शोधकाची गैरसोय होते. तरीही त्यामागचा इतिहास पाहता तक्रार करवत नाही.

आपल्याकडून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्यांच्या बाबतीत उलटेच घडले. मजुरावर ताबा ठेवायचा म्हणून वसाहतीच्या सरकारने बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव असे सारे लिहून घेतले. ती दप्तरे तिथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि मराठी वंशजही त्यांच्या आधारे आपले गाव शोधतात. स्वतःच्या मर्जीने गेलेल्या जर्मनाचे गाव पुसले गेले; करारात बांधलेल्या मजुराचे गाव कागदावर राहिले.

आज परदेशी स्थायिक होणाऱ्या मराठी मुलांच्या पारपत्रावर जन्मस्थान म्हणून मुंबई, पुणे किंवा नाशिक असते. ते बहुधा प्रसूतिगृहाचे शहर असते, घराण्याचे गाव नव्हे. आडनाव पाटील, जाधव किंवा शिंदे असेल तर तेही गाव सांगणार नाही. शंभर वर्षांनी त्यांचा पणतू त्या शहराच्या नावावर येऊन थांबेल. घरात अजून सांगणारे कोणी असेल, तर गावाचे, वाडीचे आणि शेजारच्या दोन घरांचे नाव विचारून या दिवाळीत एका कागदावर लिहून ठेवायला हरकत नाही.